फिजिक्सचं न्यूमरिकल अडलं तर: गाईड, सर, व्हिडिओ की चॅटबॉट?

अकरावीत फिजिक्स बहुतेकांना थिअरीत नाही, न्यूमरिकलमध्ये अडतं. पाठ्यपुस्तकात शेवटी नुसतं उत्तर असतं, पायऱ्या नसतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना तर इंग्रजी वाक्यातून काय दिलंय आणि काय विचारलंय हे वेगळं काढतानाच दमायला होतं. मदतीचे मार्ग भरपूर आहेत, पण प्रत्येकाचा उपयोग वेगळ्या ठिकाणी होतो. एकच गणित घेऊन पाहू.

30 अंशांच्या उतारावर 5 किलोचा ठोकळा स्थिर अवस्थेतून सोडला, घर्षणांक 0.2. त्वरण किती? उताराच्या दिशेने वजनाचा साइन घटक खाली ओढतो, घर्षण वर ओढतं, आणि नॉर्मल बल वजनाच्या कॉस घटकाएवढं असतं. वस्तुमान दोन्हीकडून कटतं. म्हणून त्वरण = 9.8 × (0.5 − 0.2 × 0.866) = 3.2 मी/से².

आता चुकीची उत्तरं बघा. 2.94 आलं, तर नॉर्मल बल वजनाएवढंच धरलंय. 7.5 आलं, तर साइन आणि कॉसची अदलाबदल झालीय. 6.6 आलं, तर घर्षण खालच्या दिशेने घेतलंय (ठोकळा वर ढकलून सोडला असता आणि तो वर जाताना मंदन विचारलं असतं, तर हेच उत्तर बरोबर ठरलं असतं). आणि उणे 10 च्या आसपास काही आलं, तर मोबाइलचा कॅल्क्युलेटर डिग्रीऐवजी रेडियनवर आहे. चार उत्तरं, चार वेगळे रोग. मदत निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: तुमचा रोग यातला कोणता, हे समोरचा सांगू शकतो का?

गाईड किंवा डायजेस्ट ते सांगू शकत नाही. ते 3.2 कसं येतं एवढंच दाखवतं. तरी ते टाकाऊ नाही. बोर्डाच्या पेपरात सूत्र, किंमती आणि पायऱ्यांना गुण असतात, आणि ती मांडणी गाईडमध्ये नीट दिसते. कॅल्क्युलेटर बोर्डाला चालत नाही, लॉग टेबल वापरावं लागतं, तेही त्यात करून दाखवलेलं सापडतं. धोका वाचण्याच्या पद्धतीत आहे. ओळी वाचत गेलं की सगळं कळल्यासारखं वाटतं आणि पुस्तक मिटल्यावर आकृतीही काढता येत नाही. एक ओळ बघायची, बाकीवर वही ठेवायची, पुढची ओळ स्वतः लिहायची, मग ताडायचं.

कॉलेजचे किंवा क्लासचे सर निदानात सगळ्यांच्या पुढे. अनुभवी शिक्षक 2.94 बघताच विचारतात, “नॉर्मल कुठे काढलास?” अडचण वेळेची: तास संपल्यावर पाच-सात मिनिटं मिळतात, मागे आणखी चौघं उभे असतात. “सर, हे येत नाही” म्हणाल तर सर अख्खं गणित फळ्यावर सोडवतील आणि तुमचं पुन्हा गाईडच झालं. वहीत गणिताचा पूर्ण मजकूर, तुमची आकृती, जिथे अडलात ती ओळ आणि तुमचं आलेलं उत्तर, एवढं घेऊन जा. चूक आकृतीत असेल तर सरांना पर्याय नाही. आणि अशा धड्यांत ती बहुतेकदा तिथेच असते.

व्हिडिओ अख्खा विषय डोक्यावरून गेला असेल तेव्हाच. एका अडलेल्या ओळीसाठी चाळीस मिनिटांचं लेक्चर बघणं परवडत नाही. घटक कसे पाडायचे हेच कळलं नसेल, तर मात्र फळ्यावर बाण काढताना बघण्याचा फायदा मोठा. प्रक्षेप्य गतीसारख्या धड्याला कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स त्याहून चांगली: फुकट आहेत, मराठीतही आहेत, आणि कोन बदलला की मार्ग कसा बदलतो ते स्वतः फिरवून बघता येतं. गृहपाठाचं उत्तर मात्र त्यातून मिळत नाही.

चॅटबॉट रात्री अकराला उपलब्ध असतो आणि इंग्रजी गणित मराठीत समजावून देतो, ही सोय खरी आहे. पण दोन ठिकाणी जपावं. आकृतीचा फोटो टाकला तर कोन कुठून मोजलाय हे तो चुकीचं वाचू शकतो, म्हणून आकृतीचं वर्णन शब्दांत लिहा. दुसरं, तो चुकला तरी तितक्याच ठामपणे लिहितो. वरच्या गणितात स्थितिक घर्षणांक 0.7 करून बघा. सूत्रात किंमती टाकल्या की त्वरण उणे 1.04 येतं, म्हणजे सोडलेला ठोकळा आपोआप उतार चढतोय! खरं तर 30 अंशांचा टॅन 0.577, घर्षणांकाहून कमी. ठोकळा हलतच नाही. घर्षणही 29.7 न्यूटन नाही, फक्त 24.5 न्यूटन, कारण स्थितिक घर्षण लागेल तेवढंच लागतं. ही तपासणी गाळणारं उत्तर कुणीही देवो, घेऊ नका. चॅटबॉटला “सोडव” म्हणण्यापेक्षा “माझी पहिली चुकीची ओळ दाखव, पुढचं सोडवू नकोस” असं सांगा. मग तो सरांच्या थोडा जवळ येतो.

वर्गातली मैत्रीण किंवा मित्र याला कमी लेखलं जातं. दोघांची उत्तरं वेगळी आली की आकृत्या शेजारी ठेवायच्या. बाण कुठे फिरलाय ते लगेच दिसतं. दोघांचं एकच चुकीचं उत्तर आलं तर मात्र हा मार्ग संपला.

इंटरनेटवरच्या प्रश्नमंचांवर गृहपाठ जसाच्या तसा टाकू नये. ‘फिजिक्स स्टॅक एक्स्चेंज’वर असे प्रश्न बंद केले जातात, संकल्पनेचा प्रश्न मात्र चालतो.

एमएचटी-सीईटीची तयारी असेल तर निवड थोडी बदलते. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत, पायऱ्यांना गुण नाहीत, चुकीला गुणकपात नाही. तिथे गाईडची लांब मांडणी उपयोगाची नाही. चुकीचा पर्याय कोणत्या चुकीतून येतो हे सांगणारे सर किंवा मित्र हवेत. पर्यायांत 3.2 च्या शेजारी 2.94 ठेवलेलं असू शकतं.

खिशाला परवडणारा क्रम असा: आधी वीस मिनिटं स्वतः, आकृतीसह आणि किंमती शेवटी घालून. मग मित्र. मग चॅटबॉटकडून फक्त चुकीची ओळ. तरी सुटलं नाही तर ते पान घडी घालून उद्या सरांकडे. गाईड सगळ्यात शेवटी, आणि तेही मांडणी ताडायला.