किनोआ रोजच्या वापरात: काय जमतं, काय फसतं

निकाल आधीच सांगतो. किनोआ, म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं बारीक दाण्याचं धान्य, भाताच्या जागी ठेवू नका. उपम्याच्या, थालीपिठाच्या, कोशिंबिरीच्या जागी ठेवा. भात वरण पितो, किनोआ पीत नाही. वरण ताटात एकीकडे पळतं, दाणे दुसरीकडे राहतात. दहीभाताचंही तसंच. 'भाताला पर्याय' म्हणून आणलेलं पाकीट फडताळात मागे सरकत जातं ते यामुळेच. दाणा मोकळा हवा, फोडणी दाण्याला लागायला हवी, अशा सगळ्या पदार्थांत मात्र किनोआ चांगला वागतो, आणि काही महिन्यांनीही त्याचा कंटाळा येत नाही.

पहिली तक्रार कडवटपणाची असते. दाण्याच्या वरच्या थरात सॅपोनिन असतं. रिठ्याला फेस येतो तो याच जातीच्या द्रव्यामुळे. पाकिटावर 'धुतलेला' असं छापलेलं असलं तरी धुवाच. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन दाणे तळव्यांत हलके चोळायचे, पाणी ओतायचं, पुन्हा. तीन-चार पाण्यांत फेस थांबतो. थांबला नाही तर अजून एक पाणी. शंका असेल तर दोन कच्चे दाणे चावून पाहा, जिभेच्या मागे कडू लागलं तर धुणं पुरलेलं नाही. गाळायला मैद्याची बारीक चाळण घ्या. भाज्या धुवायच्या चाळणीतून अर्धा किनोआ सिंकमध्ये जातो, आणि पुरणयंत्राच्या जाळीतूनही बराच निसटतो. सुट्टा आणला असेल तर धुण्याआधी ताटात निवडून घ्या, बारीक खडे निघू शकतात.

आता पाण्याचं प्रमाण. सगळं इथे ठरतं, आणि पाकिटांवरचं 'एकास दोन' आमच्या मते जास्तच आहे. धुताना दाण्यांनी पाणी धरलेलं असतं, ते कुणी मोजत नाही. दीडशे मिलिलिटरची वाटी धरली तर तीत साधारण ११० ग्रॅम किनोआ मावतो. पांढऱ्या किनोआला वाटीला पावणेदोन वाट्या पाणी पुरतं. पंधरा-वीस मिनिटं भिजवून निथळला असेल तर दीड. पाणी आधी उकळवा, त्यात पाऊण छोटा चमचा मीठ आणि किनोआ घाला, झाकण ठेवून मंद आचेवर १२-१३ मिनिटं. दाण्याभोवतीचा अंकुर सुटून पांढरं वर्तुळ दिसलं की शिजला. मग गॅस बंद, झाकणाखाली कोरडं फडकं, आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. ही दहा मिनिटं वाचवली की तळाचा दाणा ओला आणि वरचा टणक राहतो. शिजताना डावाने ढवळू नका. शेवटी काट्याने मोकळा करा. एका वाटीचा जवळपास तीन वाट्या होतो, म्हणजे दोघांचा पोटभर नाश्ता.

कुकरमध्येही होतो. भांड्यात दीड वाटी पाणी, मध्यम आचेवर एक शिट्टी, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. पण तूरडाळीच्या भांड्यावर ठेवून एकाच वेळी काढायचा मोह टाळा. डाळीला तीन-चार शिट्ट्या लागतात, तेवढ्यात किनोआचा लगदा होतो. तो लगदा फेकायचा नाही, त्याचं काय करायचं ते पुढे आहे.

लाल आणि काळा किनोआ जास्त कुरकुरीत राहतो, त्याला १८-२० मिनिटं आणि थोडं जास्त पाणी लागतं. तिरंगी पाकीट दिसायला छान, पण पांढरा मऊ होतो तेव्हा काळा अजून दाताखाली टचटचतो. कोशिंबिरीत ते चालतं, उपम्यात खटकतं. रोजच्यासाठी पांढराच घ्या.

उपमा हा सगळ्यात भरवशाचा पदार्थ. धुतलेला किनोआ चांगला निथळून कोरड्या कढईत चार-पाच मिनिटं परता. ओल उडाली की खमंग वास येतो आणि दाणा मोकळा राहतो. तो बाजूला काढून दीड मोठा चमचा तेलात मोहरी, उडीदडाळ, हिंग, कढीपत्ता, मिरची आणि किसलेलं आलं. कांदा गुलाबी झाला की मटार, बारीक चिरलेलं गाजर, मग किनोआ आणि पावणेदोन वाट्या उकळतं पाणी. पुढचं वर सांगितल्याप्रमाणे. लिंबू, खोबरं, कोथिंबीर खाली उतरवल्यावर. साखर चिमूटभर घालाच, उरलासुरला कडवटपणा झाकला जातो. डब्यात द्यायचा असेल तर ताटात पसरून दहा मिनिटं निववा, मग भरा. गरम भरला तर झाकणाची वाफ परत आत पडते आणि दुपारपर्यंत गोळा झालेला असतो.

कोशिंबिरीसाठी शिजलेला किनोआ पूर्ण गार हवा, शक्यतो फ्रीजमधला. एक वाटी किनोआ, एक काकडी कोचवून आणि पिळून, एक टोमॅटो बिया काढून, दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, अर्धं लिंबू, वरून तुपाची जिरं-हिंग-मिरचीची फोडणी. मीठ वाढण्याच्या तोंडावर, नाहीतर काकडी पाणी सोडते. एक गोष्ट लक्षात ठेवा: किनोआ आंबटपणा आणि मीठ ओढून घेतो. रात्री चविष्ट असलेली कोशिंबीर सकाळी सपक लागते, तेव्हा पुन्हा थोडं लिंबू पिळावं लागतं.

आता तो लगदा. वाटीभर मऊ किनोआ, वाटीभर भाजणी, कांदा, तीळ, ओवा, तिखट, मीठ. पाणी लगेच घालू नका; मीठ पडल्यावर पाच मिनिटं थांबा, किनोआ आणि कांद्याच्याच ओलाव्यात पीठ बऱ्यापैकी मळलं जातं. आधी पाणी घातलं की थालीपीठ फडक्यावरून सुटत नाही. भाजणीपेक्षा किनोआ जास्त झाला तर ते उलटताना तुटतं, कारण किनोआत ग्लुटेन नाही आणि चिकटून धरायला काहीच नसतं. कोथिंबीर वडीतही हाच नियम, वाटीभर बेसनाला अर्धी वाटी, त्यापुढे नाही.

डोशासाठी एक वाटी किनोआ, एक वाटी इडलीचा तांदूळ, अर्धी वाटी उडीदडाळ, पाव चमचा मेथी. पाच-सहा तास भिजवून वाटायचं. नुसता किनोआ आणि उडीद घेतले तर डोसा पटकन लाल होतो पण कुरकुरीत राहत नाही, तव्यावरून उतरला की मऊ पडतो. किनोआ रात्रभर भिजवून सकाळीही तसाच ठेवू नका. त्याला मोड फार लवकर येतात.

मुळात पेरू आणि बोलिव्हियात, अँडीज पर्वतरांगेच्या उंचावर, हे धान्य मोकळंच खातात असं नाही. तिथे बटाटा-भाज्यांच्या सुपात ते मऊ शिजवतात, आणि 'पेस्के' नावाच्या पदार्थात घोटून दूध-चीज घालतात. सुपाची कल्पना आपल्याकडे पावसाळ्यात सरळ उचलावी: लिटरभर पाण्याला फक्त पाव वाटी किनोआ, लसूण, जिरं, बटाट्याच्या फोडी, वीस मिनिटं. जास्त घातला तर गार होताना पिठलं होतं. आपला चाकवत किनोआचा अगदी जवळचा भाऊबंद, दोघं एकाच वनस्पतिकुळातल्या एकाच वंशातले (जीनसमधले), जाती मात्र वेगळ्या. ताकातल्या चाकवताच्या भाजीत डाळ-दाण्यांसोबत दोन चमचे शिजलेला किनोआ घालून पाहा, भाजीला छान दाटपणा येतो.

खिरीत किनोआ थेट दुधात टाकू नका, फार वेळ लागतो. अर्धी वाटी किनोआ चमचाभर तुपात परतून वाटीभर पाण्यात आधी शिजवा, मग पाऊण लिटर दूध घालून मंद आचेवर आटवा. गूळ वापरणार असाल तर गॅस बंद करून थोडं निवल्यावर, नाहीतर दूध फाटतं.

पोषणाबद्दल दोन शब्द, कारण पाकिटं बढाया मारतात. १०० ग्रॅम कच्च्या किनोआत सुमारे १४ ग्रॅम प्रथिनं, ७ ग्रॅम तंतू. तांदळात प्रथिनं याच्या निम्मी, तूरडाळीत २० ग्रॅमच्या वर. प्रथिनांचा दर्जा चांगला, सगळी आवश्यक अमिनो आम्लं आहेत. पण म्हणून डाळ बंद करायची गरज नाही. उष्मांक १०० ग्रॅमला ३६८ च्या आसपास, म्हणजे तांदळाइतकेच. वजन उतरेल या आशेवर दोन वाट्या जास्त खाल्ल्या तर उतरणार नाही. किंमत साध्या कोलमच्या कितीतरी पट. आता राजस्थान आणि आंध्रातही पीक घेतात, तरी रोज चार माणसांना दोन्ही वेळ खपेल असा तो नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, अर्ध्या किलोचं पाकीट, हा हिशेब बसतो. मोठं पाकीट घेऊ नका: यात सुमारे सहा टक्के स्निग्धांश असतो, कोकण-मुंबईच्या दमट हवेत उघडं राहिलं तर खवट होतं. शिजवलेला फ्रीजमध्ये तीन दिवस चांगला राहतो. गरम करताना पाण्याचा हबका मारा.

उपासाला चालतो का, हे बरेच जण विचारतात. किनोआ राजगिऱ्याच्याच कुळातला आहे, पण उपासाला काय चालतं ते घरची रीत ठरवते. चालत असेल तर वरीच्या तांदळासारखा करा: तुपात जिरं, मिरची, बटाट्याच्या बारीक फोडी, किनोआ, दोन वाट्या उकळतं पाणी, सैंधव, शेवटी कूट. सोबत दाण्याची आमटी पातळ ठेवा, कोरडा किनोआ घशाखाली उतरत नाही.