पीएचडीला विषय कोणता: ब्रिटनची भरपाई की हैतीचं कर्ज?

गुलामगिरीच्या पैशाचा माग काढायचा, तर दोन विषय खुणावतात.

ब्रिटनचा विषय कागदपत्रांच्या बाबतीत श्रीमंत. गुलामगिरी बंद करणाऱ्या १८३३च्या कायद्यानं २ कोटी पौंड भरपाई ठरली, ती गुलामांच्या मालकांना. गुलामांच्या हाती छदामही आला नाही. त्यासाठी १८३५ मध्ये रॉथशिल्ड आणि मॉन्टेफिओर या धनकोंकडून दीड कोटीचं कर्ज उभारलं. त्याचे शेवटचे रोखे फिटले २०१५ मध्ये! लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या नोंदवह्यांत गुलामांची नावं आणि वयं ओळीनं लिहिलेली आहेत. तान्ह्या मुलाचंही नाव मालमत्तेच्या रकान्यात वाचताना पोटात कालवतं. दावेदारांमध्ये विधवा आणि पाद्रीसुद्धा आहेत. त्यांची माहिती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं ऑनलाइन खुली केली आहे. आपल्यासाठी एक धागा म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, म्हणजे मुंबई इलाखाही, या कायद्यातून वगळला होता. का वगळला, यावर स्वतंत्र प्रकरण होईल.

कॅरिबियनमधल्या हैतीचा, म्हणजे फ्रान्सच्या जुन्या वसाहतीचा, विषय मात्र जिव्हारी लागतो. गुलामगिरीतून लढून स्वतंत्र झालेल्या लोकांकडून फ्रान्सनं १८२५ मध्ये युद्धनौका उभ्या करून जुन्या मालकांची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसमध्येच ३ कोटींचं कर्ज काढावं लागलं, हातात पडले २ कोटी ४० लाख. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली. इथे फ्रेंच यायलाच हवं.

फ्रेंच येत असेल, तर मी हैतीच निवडायला सांगेन. पैसे घेणाऱ्यांवर बरंच लिहून झालंय, भरणाऱ्यांवर अजून खूप लिहायचंय.