डांग ग्वे: बरेच महिने घेतल्यावर काय वाटलं आणि कोणी घेऊ नये

पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी डांग ग्वेबद्दल सारख्या विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. आम्ही सिंगापूरला राहतो आणि इथे पाळीच्या तक्रारींसाठी चायनीज घरांमध्ये डांग ग्वे हे मूळ अगदी सर्रास वापरतात. शास्त्रीय नाव अँजेलिका सायनेन्सिस. गाजर, कोथिंबीर, ओवा यांच्याच कुळातलं आहे आणि पाकीट उघडलं की सेलरीसारखा उग्र वास येतो. हा वास घरात दिवसभर राहतो, नवऱ्याला अजूनही आवडत नाही, मला आता आवडायला लागलाय.

माझा त्रास म्हणजे पाळीत ओटीपोटात पिळवटून दुखणं आणि हातपाय गार पडणं. गायनॅककडे सोनोग्राफी वगैरे सगळं झालेलं होतं, काही गंभीर नाही हे कळल्यावरच मी या वाटेला गेले, आणि हे आधी करणं फार गरजेचं आहे, कारण दुखण्यामागे फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं) असेल तर सूप पित बसण्यात वेळ जातो. मग रजिस्टर्ड चायनीज वैद्याकडे गेले. इथे 2000 साली यांच्यासाठी कायदा झालाय, त्यामुळे नोंदणी असलेला वैद्य शोधणं सोपं आहे. तिने नाडी बघितली, जीभ बघितली आणि चालू गोळ्यांची यादी मागितली. यादी न मागता पुडी बांधून देणाऱ्याकडून मी काहीच घेणार नाही.

तिने सांगितलेली पद्धत अशी की पाळी चालू असताना घ्यायचं नाही, रक्तस्राव थांबला की पुढचे काही दिवस घ्यायचं. चिनी औषधकोशात दिवसाला 6 ते 12 ग्रॅम दिलंय, मला तिने खालच्या टोकाचं प्रमाण दिलं. पातळ चकत्या, थोडे लाल खजूर (म्हणजे सुकवलेली चिनी बोरं), गोजी बेरी (छोटी लाल सुकी फळं) आणि आल्याचे दोन तुकडे, सगळं मंद आचेवर उकळायचं. चव आधी गोडसर, मग कडवट, शेवटी जिभेवर किंचित चुरचुरतं. शेजारच्या आंटी काळ्या कोंबडीच्या सूपमध्ये घालतात. मटण, आलं आणि डांग ग्वे हा मेळ तर चांग चुंगचिंग या वैद्याच्या नावावर आहे, म्हणजे साधारण 1800 वर्षं जुना, बाळंतिणीच्या पोटदुखीसाठी दिलेला. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर देतात ना, तीच जागा त्यांच्या घरात या सूपाची आहे. मलेशियात क्लांगकडचं जे काळं, औषधी वासाचं बाक कुट टे (डुकराच्या मांसाचं सूप) असतं त्यातही हे मूळ असतं, त्यामुळे तिकडे फिरायला गेलेल्या बऱ्याच जणांनी नकळत खाल्लेलं असेल.

आता फरक. पहिल्या दोन पाळ्यांत काहीच वाटलं नाही, उलट पोट सैल झालं. हा त्याचा गुणच आहे, आतड्यांना मऊ करतं, म्हणून बद्धकोष्ठवाल्यांना चालतं पण ज्यांना आधीच जुलाब होतात त्यांना देत नाहीत. प्रमाण कमी केल्यावर ते थांबलं. त्यानंतर हळूहळू दुखण्याची धार कमी झाली, पेनकिलर अजून लागते पण पूर्वीसारखी दर काही तासांनी नाही, आणि पाय गार पडणं बरंच कमी झालंय. यात गरम सूपाचा, विश्रांतीचा आणि मनाच्या समजुतीचा वाटा किती ते मी वेगळं काढून दाखवू शकत नाही. अंगात उष्णता मात्र वाटते, तोंड आलं होतं एकदा, म्हणून उन्हाळ्यात भारतात आले की घेत नाही.

एक गैरसमज खूप ऐकते, की हे रक्त वाढवतं म्हणजे हिमोग्लोबिन वाढवतं. चायनीज वैद्यकात ‘रक्ताचं पोषण’ म्हणतात तो त्यांच्या शास्त्रातला विचार आहे, रिपोर्टमधला आकडा नव्हे. माझं हिमोग्लोबिन कमी होतं आणि ते वर आलं ते डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी. सूपाच्या भरवशावर त्या गोळ्या बंद करू नका प्लीज.

सगळ्यात महत्त्वाचं आता. माझ्या सासऱ्यांची हृदयाची झडप बदललेली आहे, ते वॉरफरिनवर (रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधावर) आहेत, आणि ते इकडे येतात तेव्हा मी हे सूप पूर्ण वेगळ्या भांड्यात करते आणि त्यांच्या ताटात जाऊ देत नाही. डांग ग्वे वॉरफरिनचा परिणाम वाढवू शकतं. 1999 साली छापून आलेल्या एका केसमध्ये वॉरफरिनवर स्थिर असलेल्या 46 वर्षांच्या बाईने डांग ग्वे सुरू केलं आणि महिन्याभरात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, फार वाढला तर रक्तस्रावाचा धोका) 2.3 वरून 4.9 वर गेला, बंद केल्यावर खाली आला. 4.9 म्हणजे काय हे ज्यांच्या घरी आयएनआर तपासतात त्यांना सांगायला नको. रक्त पातळ ठेवायला अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनीही दूर राहावं, आणि ऑपरेशन किंवा दाताचं मोठं काम ठरलं असेल तर दोन आठवडे आधी थांबवून सर्जनना तसं सांगावं. गरोदरपणात तर नाहीच, गर्भाशयावर परिणाम होऊ शकतो. पाळीत खूप रक्त जात असेल तरी नको. स्तनाच्या कॅन्सरसारखे हार्मोनशी जोडलेले आजार झालेल्यांनी ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय हात लावू नये, कारण इस्ट्रोजेनसारखं काम करतं की नाही यावर प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. शिवाय या कुळातल्या झाडांमध्ये उन्हाने त्वचा भाजू शकेल अशी द्रव्यं असतात, म्हणून मी घेते त्या दिवसांत पोहायला संध्याकाळीच जाते.

खरेदीचं थोडक्यात. चांगला माल चीनच्या गान्सू प्रांतातल्या मिनशियान भागातला मानतात. चकतीचा रंग पिवळट पांढरा आणि त्यावर तपकिरी तेलाचे ठिपके हवेत. फार पांढरीशुभ्र आणि आंबट वासाची असेल तर गंधकाची धुरी दिलेली असू शकते, घेऊ नका. तेलामुळे कीड पटकन लागते आणि इथल्या दमट हवेत बुरशीही, मी घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवते.

मेनोपॉजच्या हॉट फ्लॅशेससाठी पाठव म्हणून दोन मैत्रिणींनी सांगितलं होतं, मी नाही पाठवलं. 1997 साली अमेरिकेत 71 बायकांवर 24 आठवडे चाचणी झाली होती, नुसतं डांग ग्वे दिलं तर खोट्या गोळीपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. चायनीज वैद्य म्हणतात आम्ही ते एकटं देतच नाही, चार औषधांच्या काढ्यात देतो, आणि ते खरंही आहे, पण मग तो काढा वैद्याने माणूस समोर बसवून ठरवायला हवा, मी कुरिअरने पाठवलेल्या पाकिटातून नाही. त्यातल्या एकीला बीपीसोबत अ‍ॅस्पिरिन चालू आहे हे मला नंतर बोलता बोलता कळलं.