अरुंद धुराड्यासाठी ओव्हल लायनर किट : पाइप उत्तम, किट अर्धवट

फायरप्लेसमध्ये लाकूड जाळणारा इन्सर्ट (आत सरकवून बसवायची बंद शेगडी) बसवायचा, त्याचं धूर बाहेर सोडणारं तोंड ६ इंची म्हणजे १५० मि.मी., आणि वरचं विटांचं धुराडं त्या मापाला पुरेल न पुरेल असं. अशा वेळी तयार तोडगा म्हणून स्टेनलेस स्टीलच्या लवचीक लायनरची, म्हणजे धुराड्याच्या आत घालायच्या पाइपाची, ओव्हल किट घेतली जाते. गोल लायनर रोलरमधून दाबून लंबगोल केलेला असतो. सोबत वरची प्लेट, कॅप, इन्सर्टला जोडायचा अडॅप्टर, दोरी बांधायचा शंकू आणि पूर्ण किट घेतली तर पाइपाभोवती गुंडाळायचं उष्णतारोधक सिरॅमिक ब्लँकेट व स्टीलची जाळी मिळते. पाइपाला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. बाकीच्या किटचं तसं नाही.

ओव्हलची पहिली परीक्षा क्षेत्रफळाची. पाइप दाबला की घेर तेवढाच राहतो, आतली वाट मात्र आक्रसते. १५० मि.मी. गोल पाइपाची आतली वाट १७७ चौ. सें.मी. असते. दोन्ही टोकं अर्धगोल आणि बाजू सपाट धरल्या, तर तोच पाइप ११५ × १७० ला दाबल्यावर १६७ उरतात, १०० × १७८ ला १५७. इथवर ठीक. ७५ × १९३ ला दाबला की १३३ वर येतो, म्हणजे चौथा हिस्सा गेला. मग १२५ मि.मी.चा गोल पाइप (१२३ चौ. सें.मी.) टाकल्यात आणि यात फारसा फरक राहत नाही. दार उघडलं की धूर खोलीत येतो तो अशाच ठिकाणी. चिमणीची उंची साडेचार मीटरच्या आसपास किंवा कमी असेल तर ओव्हलची चपटी बाजू १०० मि.मी.च्या खाली नेऊच नये, आणि चिमणी त्याहून उंच असली तरी इन्सर्टच्या माहितीपुस्तिकेत किमान क्षेत्रफळ काय दिलंय ते पाहिल्याशिवाय नाही.

मापात सगळ्यात जास्त फसवणूक धुराड्याला आतून बसवलेल्या टाइलच्या नावाने होते. ८ × १२ इंची म्हणून विकली जाणारी मातीची टाइल आतून जेमतेम साडेसहा × साडेदहा इंच, म्हणजे १६५ × २६७ मि.मी. निघते. त्यात १५० चा गोल पाइप उघडा घातला तर जाईल. पण लायनरच्या वळ्या धरून बाहेरचा व्यास १६० च्या घरात जातो, त्यावर १३ मि.मी. ब्लँकेट दोन्ही बाजूंनी धरा, १८६ झाले. संपला विषय. ११५ × १७० चा ओव्हल मात्र ब्लँकेटसकट १५० च्या आसपास राहतो आणि उतरतो. या किटचं खरं काम हे आहे : धुराड्यात पाइप बसवणं नव्हे, पाइपाभोवती ब्लँकेटला जागा करून देणं.

ब्लँकेट ऐच्छिक समजून वगळणारे बरेच. विटांच्या धुराड्याला लाकडी तुळया, वासे चिकटलेले नसावेत असा अमेरिकी नियम आहे : घराच्या आतल्या धुराड्यापासून ५० मि.मी., बाहेरच्या भिंतीवरच्यापासून २५ मि.मी. अंतर. जुन्या घरात हे अंतर क्वचितच सापडतं. ते नसेल तर लायनर ब्लँकेटसकट ‘यूएल १७७७’ या अमेरिकी मानकाप्रमाणे तपासलेला हवा. त्या तपासणीत धुराड्याला आग लागल्याची स्थिती धरून साधारण ११५० अंश सेल्सिअसपर्यंत ताप दिला जातो. युरोपात धातूच्या लायनरसाठी ‘ईएन १८५६-२’ हे मानक पाहतात. सुरक्षिततेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी, उघडा पाइप गार विटांमध्ये लवकर थंड होतो, धूर वर खेचणारी ओढ मंदावते आणि आतून चकचकीत डांबरी काजळी धरते. म्हणून किटसोबत ६ मि.मी. ब्लँकेट आलं असेल तर आपल्या लायनरचं प्रमाणपत्र किती जाडीवर दिलंय ते आधी वाचा. काहींना ६ चे दोन थर लागतात, काहींना १३ चा एक.

पाइप मागवण्याआधी दोन कामं. एक, धुराडं घासून पूर्ण साफ करणं. जुन्या कोळशाच्या काजळीत गंधक असतं, ओल आली की ते स्टीलला बाहेरून खातं, आणि या कारणाने गेलेल्या लायनरची वॉरंटी मिळत नाही. दुसरं, नकली पाइप उतरवून पाहणं : ब्लँकेटसकट येणाऱ्या बाहेरच्या मापाचा, ६० सें.मी. लांब पत्र्याचा किंवा प्लायचा तुकडा दोन्ही टोकांना दोरी बांधून वरून खाली सोडायचा. वरून एक दोरी, खालून एक, म्हणजे अडकला तर ओढून काढता येतो. टाइलच्या सांध्यातून आत आलेले सिमेंटचे ओघळ कॅमेऱ्यात किरकोळ दिसतात. तुकडा मात्र नेमका तिथेच थांबतो. ओघळ लांब दांड्याच्या छिन्नीने उडवता येतात. टाइलच फोडून काढायचं यंत्र भाड्याने घेण्याचा मोह आवरलेला बरा : मलबा प्रचंड निघतो आणि मागच्या विटा सैल असतील तर त्याही येतात.

डँपरची, म्हणजे फायरप्लेसच्या वरच्या अरुंद घशात बसवलेल्या झडपेची, चौकट कापावीच लागते. ती बीडाची असते, ठिसूळ; ग्राइंडरने दोन्ही बाजूंना खाच घेऊन हातोड्याने तुकडा पाडला की काम होतं. कापायचं ते ओव्हल अधिक ब्लँकेट या मापाने, नुसत्या पाइपाच्या मापाने नव्हे. घशातच ब्लँकेट सोलून निघालं तर पुन्हा वर काढण्यावाचून इलाज नसतो.

आता उतरवणं. किटच्या पत्रकात एक ओळ असते, ‘वरून घाला, खालून ओढा’. तेवढं पुरत नाही. गोल पाइप उतरताना फिरला तर बिघडत नाही; ओव्हल फिरला तर घशाशी आडवा येतो. म्हणून सरळ अंथरलेल्या पाइपाच्या रुंद बाजूवर टोकापासून टोकापर्यंत मार्करने रेघ मारून ठेवा. ब्लँकेटची फॉइलची बाजू बाहेर, स्प्रे गोंदाने चिकटवून सांध्यावर फॉइल टेप. मग जाळी, आणि जाळी खालच्या टोकाला क्लॅम्पने घट्ट आवळलेली. ती सैल राहिली तर स्वेटर घालताना सदऱ्याची बाही वर गोळा होते तसं ब्लँकेट वर गोळा होतं. जाळी चढल्यावर ती रेघ झाकली जाते, म्हणून वरून टेपच्या खुणा करा. लायनरवर बाण असेल तर तो धुराच्या दिशेने, म्हणजे वर. दुहेरी पत्र्याच्या लायनरमध्ये आतल्या पट्ट्यांचे पदर एका दिशेने बसलेले असतात. उलटा घातला तर काजळी त्यात अडते.

ओव्हलची एक खोड जाहिरातीत कधीच नसते. तो चपट्या बाजूने सहज वाकतो, रुंद बाजूने जवळजवळ वाकत नाही. आणि धुराड्याला वळण असतं ते बहुधा डावीकडे-उजवीकडे, म्हणजे नेमकं रुंद बाजूच्या दिशेने. वळण साधारण १५ अंशांपेक्षा जास्त असेल तर ही किट घेऊ नका. त्यापेक्षा तेवढ्या मधल्या टप्प्यातली टाइल काढून गोल पाइप घालणं परवडतं.

खालच्या जोडणीत किटची पंचाईत होते. अडॅप्टर गोल, पाइप ओव्हल, आणि त्या दोघांना जोडणारा तुकडा बऱ्याच किटमध्ये वेगळा विकत घ्यावा लागतो. तो घशाच्या खालीच यायला हवा, म्हणजे डँपर आणि इन्सर्टचं तोंड यांमधली उंची आधी मोजलेली हवी. इन्सर्टचं तोंड घशाच्या पुढे किंवा मागे असेल तर कोन देणारं कोपरंही लागतं. जोडांचं आत जाणारं टोक नेहमी खाली, इन्सर्टच्या दिशेने, म्हणजे ओघळणारं डांबर आतच राहतं. स्क्रू स्टेनलेसचेच, प्रत्येक जोडाला तीन.

आणि सगळ्यात मोठी उणीव : घसा बंद करणारी प्लेट किटमध्ये नसतेच. इन्सर्टच्या वर, डँपरच्या पातळीला पत्रा कापून पाइपाभोवती बसवायचा, वर सिरॅमिक वूलचा थर, कडा उच्च तापमानाच्या सिलिकॉनने बंद. ही प्लेट नसली की इन्सर्टभोवतीची उष्णता धुराड्यात चढते, खोली हवी तशी तापत नाही आणि दोष इन्सर्टला दिला जातो. पत्रा आणि वूल मिळून खर्च किरकोळ, पण प्लेट इन्सर्ट आत सरकवण्याआधीच बसवावी लागते. नंतर हात पोचत नाही.

वरची प्लेट ठीकठाक. पाइपाचं वजन क्लॅम्पवर टांगलेलं राहतं, तो दोनदा आवळून पाहावा. सिलिकॉन पाइपाभोवतीही लावायचं, फक्त प्लेटच्या कडांना नव्हे. गळती तिथूनच सुरू होते. ८ मीटर लांबीचा स्टीलचा सरळ पाइप ३०० अंशांनी तापला तर साधारण ३८ मि.मी. वाढतो. लवचीक पाइप ही वाढ आपल्या वळ्यांमध्ये सामावून घेतो. कडक पाइपाची ओव्हल किट असेल तर सरकणारा जोड लागतोच.

धातू निवडताना फक्त सुकं लाकूड जाळणार असाल तर ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील चालतं, पण ३१६ दर्जाचं घेतलेलं बरं. समुद्रातून वाहून आलेलं खारट लाकूड, प्लास्टिक, रंगवलेल्या फळ्या यांतलं क्लोरीन दोन्हींना खातं. साफ करायला प्लास्टिकच्या काड्यांचा ब्रश वापरा, ओव्हलमध्ये दोन्ही टोकांपर्यंत वाकणारा. स्टीलच्या तारांचा ब्रश पातळ लायनरला ओरखडे पाडतो.