अजिंठ्याच्या वळणाचं मोठं व्यक्तिचित्र: ओल्या चुन्यावर, मातीच्या लेपावर की कॅनव्हासवर?

आजीचं किंवा आई-वडिलांचं भिंतभर व्यक्तिचित्र अजिंठ्याच्या वळणाने करून घ्यायचं म्हटलं, की चित्रकार आधी विचारतो, कशावर काढू? माझ्या मते हे चेहऱ्याकडे बघून ठरवावं.

अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावरची नव्हेत. खडकावर भुसा आणि गवताचे तंतू कालवलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग: गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी, शिवाय अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द दगडाचा निळा. घाई नसल्यामुळे पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीचा चेहरा थराथराने घडला आहे. आधी रेघ, मग सपाट रंग, कडेने गडद छटा, नाकाच्या दांड्यावर उजळ पट्टा आणि शेवटी पुन्हा रेघ. व्यक्तिचित्राला हेच लागतं. पापणी जड वाटली तर दुसऱ्या दिवशी हलकी करता येते.

ओल्या चुन्यावरच्या चित्राचं, म्हणजे जयपुरी आराइशचं, याच्या उलट. रंग चुना ओला असतानाच लावायचा, थापीने ठोकायचा, अकीक दगडाने घोटायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून दगडासारखा होतो आणि रंग त्यातच कायमचा बसतो. झळाळी अशी, की हात फिरवल्याशिवाय राहवत नाही. पण एका दिवसात रंगवून होईल तेवढाच लेप घालायचा, आणि चुकलं तर तेवढा भाग खरवडून नव्याने करायचा. वेलबुट्टी, दागिने, साडीचे काठ त्यात देखणे उतरतात. ओळखीच्या माणसाचा चेहरा उतरवायला मात्र फार मुरलेला हात हवा. घर बदललं तर चित्र मागेच राहतं.

कॅनव्हासवरचं ॲक्रिलिक लवकर वाळतं, गुंडाळून परदेशीही नेता येतं. गेरूचा कोरडा मऊपणा त्यात सहजी येत नाही. कोकणात किंवा मुंबईत भिंतीला ओल येत असेल तर तरीही हेच घ्या.

ओल नसेल तर माझा कौल मातीच्या लेपाला, पण थेट भिंतीवर नको. जाड मरीन प्लायवूडवर गोणपाट चिकटवून त्यावर लेप द्यावा. ६ बाय ८ फुटांचं चित्र तीन आडव्या फळ्यांत केलं की जिन्यातून चढवता येतं. सांधा तेवढा चेहऱ्यावर येऊ देऊ नका.

वर वॉर्निशचा हात देऊ देऊ नका. १९२०-२२ मध्ये इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेच्या वॉर्निशचा थर दिला. तो पुढे पिवळा पडला आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो काढत बसावं लागलं. त्यापेक्षा थोडी फट ठेवून काच लावा. पूर्ण काम सांगण्याआधी हातभर फळीवर फक्त चेहरा करून मागा आणि तो भर पावसाळ्यात घरी टांगून ठेवा. लेपाला तडे गेले, पोपडे सुटले किंवा बुरशी आली तर पाऊस संपायच्या आत कळेल.