आधी माती, मग नक्षी: हाताने घडवलेली सिरॅमिकची भांडी निवडताना

हाताने घडवलेली सिरॅमिकची भांडी घ्यायची म्हटलं की नजर आधी रंगावर जाते. जाऊ द्यावी, कारण रंगावरूनच भांड्याबद्दल बरंच काही कळतं. धीट पिवळा, नारिंगी, पोपटी असे रंग आणि त्यावर मोकळ्या हाताची फुलंपानं दिसली, तर माती बहुतेक वेळा कमी आचेची, म्हणजे १००० ते ११५० अंश सेल्सिअसला भाजलेली असते. हे अर्दनवेअर. आच १२०० ते १३०० अंशांपर्यंत गेली की यातले बरेच रंग उडतात किंवा करपतात आणि लोहाचे तपकिरी, राखी, हिरवट छटांचे ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचे काचेसारखे लेप, राज्य करतात. हे स्टोनवेअर. त्याहून पांढरी, केओलिनची (शुभ्र चिनी मातीची) माती आणि आच साधारण १२६० ते १४०० अंश, ते पोर्सिलेन. झिर्कोन या खनिजाच्या कवचात बंदिस्त केलेले लाल-नारिंगी स्टेन (तयार रंगपूड) वरच्या आचेलाही टिकतात, त्यामुळे नुसत्या रंगावर पैज लावू नये. पण कोबाल्टचा निळा सोडला तर तिन्ही मातींत सहज रमणारे रंग थोडेच.

म्हणून नक्षी आणि माती वेगवेगळी निवडता येत नाही. नक्षी पसंत केली की तिच्याबरोबर त्या मातीचे गुणदोषही घरी येतात.

अर्दनवेअरवर रंगकाम सगळ्यात मोकळं होतं. कथिलाच्या पांढऱ्या ग्लेझवर केलेलं मायोलिका हा त्याचा उत्तम नमुना. नवव्या शतकात इराकमधल्या कुंभारांनी चिनी पांढऱ्या भांड्यांची बरोबरी करायला हे ग्लेझ वापरलं आणि पुढे ते इटलीपर्यंत पोचलं. यात न भाजलेल्या, पावडरीसारख्या कोरड्या ग्लेझवर ब्रश चालवतात. ग्लेझ रंग लगेच पिऊन टाकतं, रेघ खोडता येत नाही. त्या कामातला जिवंतपणा येतो तो इथूनच.

पण ही माती पाणीही तशीच पिते. ग्लेझचा टवका उडाला किंवा बूड ग्लेझशिवाय सोडलेलं असलं, की सिंकमध्ये भिजत पडलेलं ताट पाणी ओढतं. मग मायक्रोवेव्हमध्ये ते आतल्या पदार्थाआधी स्वतःच तापतं. ओल शोषून माती किंचित फुगते, ग्लेझ तेवढं ताणलं जात नाही आणि कधी कधी काही महिन्यांनी केसासारख्या चिरा उमटतात. त्या चिरांत चहा-तेल मुरलं की डाग निघत नाही. रोजच्या सहा ताटांसाठी अर्दनवेअर घेऊ नये, असंच आमचं मत आहे. टेबलाच्या मधोमध ठेवायची एक मोठी परात, फळांचा वाडगा, यासाठी मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही. परात हाताने धुवावी आणि लगेच पुसावी.

स्टोनवेअर रोजच्या वापराला सगळ्यात भरवशाचं. नीट भाजलेली माती स्वतःच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांहून कमी पाणी घेते. हे घरीही ताडून बघता येतं: कोरडं ताट वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. ६०० ग्रॅमचं ताट ६१२ ग्रॅम झालं, तर दोन टक्के. ग्लेझमुळे पाणी हळू शिरतं, म्हणून ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. पण ताट ६४० ग्रॅम भरलं, तर माती कच्ची आहे एवढं नक्की.

स्टोनवेअरची नक्षी ब्रशपेक्षा पोतात असते: खरवडलेल्या रेघा, मातीतून वर आलेले लोहाचे ठिपके, कडेला पातळ होऊन तांबूस दिसणारं ग्लेझ. फसगत होते ती मॅट ग्लेझमध्ये. फोटोत ते फार देखणं दिसतं, पण खडबडीत पृष्ठभागावर काटा-सुरीचा धातू घासून राखाडी ओरखडे उमटतात. खाण्याच्या सोड्याच्या लेपाने ते बऱ्याच अंशी निघतात, आणि पुन्हा येतात. ताटाच्या आतल्या बाजूला गुळगुळीत ग्लेझ आणि बाहेर मॅट, ही विभागणी शहाणपणाची.

पोर्सिलेन हाताने घडवणं अवघड. भाजताना ते १२ ते १६ टक्के आकसतं आणि आचेवर मऊ पडतं, म्हणून मोठी सपाट ताटं वाकतात. चाकावर दिलेला पीळही माती विसरत नाही. कपाचा कान भट्टीत थोडा फिरलेला दिसतो तो त्यामुळे. कप आणि छोट्या वाट्यांत मात्र त्याची खरी मजा आहे: दोन मिलिमीटरची कड उजेडासमोर धरली की बोटांची सावली आरपार दिसते.

म्हणून एकाच मातीचा अख्खा सेट जमवायच्या फंदात न पडता ताटं स्टोनवेअरची, कप पोर्सिलेनचे आणि एखादी रंगीत परात अर्दनवेअरची घ्यावी. सगळ्यांत एक धागा सारखा असला की पुरे, उदाहरणार्थ निळा रंग.

ऑर्डर देऊन बनवून घेणार असाल, तर माप भाजल्यानंतरचं की आधीचं, हे आधी विचारा. १२ टक्के आकसणाऱ्या मातीत २६ सेंटिमीटरच्या ताटासाठी ओलं ताट साडेएकोणतीस सेंटिमीटरचं लागतं. शिवाय दोन ताटांत चार-पाच मिलिमीटरचा फरक पडतोच.

हातात घेतल्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. अर्दनवेअर मुळातच जरा बद्द वाजतं, म्हणून त्याच मातीच्या दुसऱ्या भांड्याशी तुलना करा. ताट काचेवर ठेवून डुगडुगतं का ते बघा. नक्षीवरून बोट फिरवा: रंग उंचवट्यासारखा लागला, तर तो बहुधा ग्लेझच्या वर ७०० ते ८५० अंशांना चिकटवलेला असतो, आणि डिशवॉशरमध्ये झिजतो. सोनेरी कड असेल तर मायक्रोवेव्ह बंदच.

लिंबाची फोड रात्रभर ग्लेझवर ठेवून सकाळी डाग दिसला, तर ते ग्लेझ आंबटाला टिकत नाही. पण डाग दिसला नाही म्हणून ग्लेझमध्ये विषारी शिसं नाही, असं होत नाही. त्यासाठी चार टक्के ॲसेटिक ॲसिड २४ तास भरून ठेवून प्रयोगशाळेत तपासतात. तसा दाखला नसलेलं जुनं किंवा अनोळखी रंगीत भांडं भिंतीवरच लावावं.

बुडाची ग्लेझ नसलेली कड खरखरीत असेल, तर ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून मिनिटभर घासा. कोरडं घासू नका, ती धूळ फुप्फुसांना वाईट.