बी.एन.आर.चा शिक्का असलेला रंधा घेण्याआधी

नागपुरात आणि आसपास जुने लोखंडी रंधे घेणाऱ्या-विकणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. बी.एन.आर.चा, म्हणजे जुन्या बंगाल नागपूर रेल्वेचा शिक्का दाखवून ‘रेल्वे कारखान्यातला, युद्धाच्या आधीचा अमेरिकन स्टॅन्ले’ असं सांगून काही माल सध्या फिरतोय. तसल्या दोन रंध्यांसह चार रंधे मी ३४ हजारांना घेतले. पैसे माझे गेले, पण ज्या रीतीने ते नेले ती रीत कुणावरही चालेल अशी आहे. म्हणून ती पहिल्यापासून सांगतो.

माझं काम जुनं फर्निचर दुरुस्त करण्याचं. त्यासोबत जुनी हत्यारं घेतो, साफ करतो, धार लावतो आणि वापरणाऱ्याच्या हाती देतो. लकडगंजच्या आरा गिरण्यांच्या आसपास उमेदीची वर्षं घालवलेले मिस्त्री आता थकले. त्यांच्या हत्यारांच्या पेट्या घरी पडून आहेत आणि मुलं इलेक्ट्रिक रंध्यावर काम करतात. मग एक दिवस पेटी कबाड्याकडे जाते, तो किलोच्या भावाने घेतो. बल्लारशाच्या सागावर तीस-चाळीस वर्षं चाललेला रंधा भंगाराच्या काट्यावर पडलेला बघवत नाही. दुसरीकडे पुण्या-बंगलोरची तरुण मुलं हौसेने हाताने लाकूडकाम शिकताहेत आणि त्यांना हेच रंधे हवे आहेत. व्यवहार खरा आहे, गरज दोन्ही बाजूंना आहे. फसवणाऱ्याने नेमकी तीच जागा धरली.

भाव कशावर ठरतो हे नव्या माणसाला कळावं म्हणून थोडं सांगतो. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावच्या स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये लिओनार्ड बेली यांची पेटंटं घेतली. आज आपण ज्याला लोखंडी रंधा म्हणतो त्याची घडण तिथून आली: बिडाचं अंग, पान मागेपुढे करणारी पितळी फिरकी आणि पानाला खालून आधार देणारा फ्रॉग. ४ नंबर ९ इंची, ५ नंबर १४ इंची, ७ नंबर २२ इंची. त्यातले ४ आणि ५ अफाट संख्येने बनले, म्हणून अमेरिकेतसुद्धा ते साधारण भावात मिळतात. चढा भाव मिळतो तो स्टॅन्लेच्याच ‘बेड रॉक’ नावाच्या मालिकेला, साडेपाच इंची दुर्मीळ १ नंबरला आणि जुन्या काळातल्या, सगळे भाग मूळचे असलेल्या नगाला. म्हणजे किंमत ठरते ती वयावर आणि अस्सलपणावर. खोटं बोलायचं तर माणूस याच दोन गोष्टींबद्दल बोलणार.

सुरुवात विकणाऱ्याने केली नाही, घेणाऱ्याने केली. बंगलोरहून एका गृहस्थाचा फोन आला. मूळचे नागपूरच्या धरमपेठचे, नोकरीनिमित्त तिकडे गेले, रेल्वेच्या जुन्या वस्तू जमवतात, असं त्यांनी सांगितलं. बोलणं अदबीचं, रंध्याची माहिती चांगली. त्यांना बी.एन.आर.चा शिक्का असलेले स्टॅन्ले हवे होते. ५ नंबरला २० हजार, ७ नंबरला २८ हजार देईन म्हणाले. पुरावा म्हणून परदेशी संकेतस्थळावरच्या डॉलरमधल्या किमतींचे फोटो पाठवले आणि मला २ हजार रुपये आगाऊ पाठवले.

त्या २ हजारांनीच पुढचं सगळं घडवलं. पैसे पाठवणारा माणूस फसवायला आलाय असं कुणाच्या मनात येत नाही. आणि ते डॉलरचे आकडे मागितलेल्या किमतींचे होते, मिळालेल्या किमतींचे नव्हे. ईबेवर विकून झालेल्या वस्तू वेगळ्या काढून बघता येतात, तोच आकडा धरायचा. मागणाऱ्याने वर्षभर दुप्पट भाव लावून ठेवला तरी त्याला कुणी अडवत नाही. शिवाय तिकडचा भाव तिकडच्या गिऱ्हाइकाचा असतो. टपालखर्च आणि जकात धरून इथे तो कुणी देत नाही.

पुढच्याच आठवड्यात दुसरा फोन आला. वडील रेल्वेच्या मोतीबाग कारखान्यात होते, त्यांची पेटी विकायला काढायची आहे, असं तिकडून सांगितलं. मोतीबागेचं नाव नागपूरकराला वेगळं सांगायला नको. छिंदवाड्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीचे डबे तिथे दुरुस्त व्हायचे, आता तिथे नॅरोगेजचं संग्रहालय आहे. ती गाडी २०१५ मध्ये थांबली तेव्हा किती घरं हळहळली, ते आठवतं. त्या कारखान्याच्या सुताराची पेटी म्हटल्यावर मी नागपूरच्या महाल भागातल्या त्या पत्त्यावर गेलो.

जुना वाडा होता. ओसरीवर पोत्यात चार रंधे होते. माणूस पन्नाशीचा, साधा. “भाऊ, बाबा गेले तेव्हापासून पेटी उघडलीच नाही. आता घर खाली करून राहिलो न, म्हणून काढतो,” म्हणाला. चारांपैकी दोन अस्सल होते: शेफील्डचा निळा रेकॉर्ड ०४ आणि इंग्लंडमध्ये बनलेला स्टॅन्ले ४. हे दोन त्याने आपणहून माझ्या हातात दिले. “खोला, बघा, तुमचं समाधान करा.” मी खोलले, दोन्ही निर्मळ होते. उरलेले दोन काळे, दणकट, ५ आणि ७ नंबरचे. बाजूवर ठळक बी.एन.आर. ते खोलायला घेतले तसा त्याने हात धरला. “यांना नका हात लावू, दादा. बाबांनी बसवलेलं पान आहे. तुमच्या गिऱ्हाइकालाही ते जसंच्या तसंच पाहिजे असेल.”

गिऱ्हाइकाबद्दल मी त्याच्यापाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

त्याने ४५ सांगितले, घासाघीस होऊन ३४ ला सौदा ठरला. मधेच त्याला फोन आला आणि तो मला ऐकू जाईल अशा आवाजात कुणाला तरी “आज रात्रीच ये, माल जाऊन राहिला” म्हणाला. काही रोख घेतली, बाकीचे पैसे ‘बहिणीच्या’ खात्यावर मागितले. खात्यावरचं नाव त्याच्या आडनावाशी जुळत नव्हतं, बहीण लग्न झालेली म्हटल्यावर ते चालून गेलं. बंगलोरच्या गृहस्थाने फोटो पाहून “उत्तम, उद्या पैसे टाकतो” असा निरोप धाडला. त्यानंतर तो नंबर लागलेला नाही. वाड्याचा खरा मालक नंतर भेटला. त्याने फक्त ओसरी आणि मागची खोली महिन्याच्या भाड्याने दिली होती.

मग मी ते दोन रंधे टेबलावर घेतले.

५ नंबरचं पान, त्यावरची ढलपी मोडणारी पट्टी म्हणजे चिपब्रेकर, फ्रॉग सगळं काढलं. फ्रॉग जिथे बसतो त्या कोपऱ्यात, काळा रंग जिथे पोचला नव्हता, तिथे निळा रंग होता. अमेरिकन स्टॅन्लेच्या अंगाला जुन्या काळात काळा जपानी रोगण असायचा. निळा रंग १९६० च्या दशकात आला. बंगाल नागपूर रेल्वे १८८७ ची. १९५२ मध्ये ती पूर्व रेल्वेत गेली आणि १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी झाली. ज्या रेल्वेचं नावच उरलं नव्हतं, तिचा शिक्का तिच्यानंतर बनलेल्या रंध्यावर कसा येईल? मूठ शिसवीची सांगितली होती. पॉलिश पेपर फिरवला तसा खालून फिकट लाकूड निघालं, वरती फक्त रंग होता.

शिक्का भिंगाखाली पाहिला. जुन्या शिक्क्याच्या खोबणीत काळपट मळ बसलेला असतो आणि कडा हाताने झिजून गोल होतात. इथे अक्षरांच्या तळाशी धातू चकाकत होता, कडेला उचललेली तार नखाला लागत होती आणि गंजाचे डाग शिक्का ठोकायच्या पंचाने मधोमध कापले होते. म्हणजे आधी गंज चढला, मग शिक्का बसला.

७ नंबरची गोष्ट याहून वाईट. बीड ठिसूळ असतं. असा रंधा टेबलावरून फरशीवर पडला की तोंडाजवळ, म्हणजे तळातल्या ज्या फटीतून पान बाहेर येतं आणि जिथे अंग सर्वांत कमजोर असतं, तिथून बाजू तडकते. रॉकेलमध्ये ठेवून ब्रश मारला तशी तोंडाजवळची पुट्टी सुटून आली. आत पितळी झाळणीची पिवळी रेघ, तीही अर्धवट. अशा रंध्याचा तळ सरळ राहत नाही. २२ इंची रंधा घ्यायचा तो फळीची कड सरळ करायला, आणि याने ती सरळ होणारच नाही. कामाच्या माणसाला हा विकणं म्हणजे त्याच्या कामाची नासाडी करणं आहे. याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

तपासायला हत्यारं फार लागत नाहीत. खिशात लहान लोहचुंबक ठेवा आणि तोंडाभोवती, दोन्ही बाजूंवर फिरवा. बिडाला तो घट्ट धरतो, पुट्टीवर पकड सैल पडते. सगळे सुटे भाग काढून नुसतं अंग बोटावर लोंबतं धरा आणि हलकेच ठोका. अखंड बीड खणखणतं, तडकलेलं भद्द वाजतं. तळावर पोलादी पट्टी उभी ठेवून उजेडाकडे धरा, बाजूला गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, लावा. पानाची खाच आणि धार यांच्यामध्ये किती पोलाद उरलंय ते बघा. बोटाच्या पेराएवढंही नसेल तर तुम्ही पुढच्या पानाचेही पैसे देताय, असं धरून भाव करा.

वयाबाबत एक पक्कं लक्षात ठेवा: पान झिजतं, पान वरून दाबून धरणारी लिव्हर कॅप आणि मूठ बदलतात, म्हणून त्यांच्यावरून वय काढू नका. लिव्हर कॅपचं भोक आधी किल्लीच्या भोकासारखं होतं, १९३३ पासून ते काजूच्या आकाराचं झालं. पण जुनी कॅप नव्या रंध्यावर दोन मिनिटांत बसते. वय सांगतं ते ओतीव अंग. फ्रॉगच्या मागे बिडातच ओतलेल्या पेटंटच्या तीन तारखा असतील आणि त्यातली शेवटची १९ एप्रिल १९१० असेल, तर तो रंधा १९१० च्या दशकातला. बेड रॉकचंही तसंच. कॅपवरच्या नावाला भुलू नका, अंगावर ओतलेला आकडा बघा. तो ६०० च्या घरातला असतो: ४ ऐवजी ६०४, ५ ऐवजी ६०५. फ्रॉग काढल्यावर त्याखालची बैठक पूर्ण रुंदीला सपाट घासलेली दिसली पाहिजे. म्हणूनच जो खोलू देत नाही त्याच्याकडून जुना रंधा घेऊ नये, मग तो वडिलांची शपथ घालो की आणखी कुणाची.

तक्रार दिली आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या नंबरवर ताबडतोब कळवा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळलं तर अडवता येतात. माझ्या व्यवहारात ऑनलाइन गेलेला भाग कुठल्या खात्यात गेला ते निघालं आहे, रोख रकमेचा मात्र माग नाही. म्हणून रोख देऊ नका, आणि समोरच्या माणसाचं नाव ज्या खात्यावर नाही त्या खात्यावर तर एक रुपयाही टाकू नका. फोनवरचे निरोप, फोटो, पोतं, काढलेली पुट्टी, सगळं जपून ठेवा. मी पुट्टीचे तुकडेसुद्धा पुडीत बांधून पोलीस ठाण्यात दिले.

ते दोन रंधे मला विकता आले असते. विचारणा झाली होती, आणि काळा रंग तसाच ठेवला तर पुढच्यालाही कळलं नसतं. मी ते विकणार नाही. तक्रारीचं काम संपलं की ५ नंबरवरचा शिक्का घासून काढीन आणि ‘१९६० नंतरचा, रंगवलेला’ असं सांगून एखाद्या शिकाऊ पोराला कामापुरता देईन. ७ नंबर भंगारात जाईल.

अमरावतीच्या एका मिस्त्रीकाकांना गेल्या महिन्यात असाच फोन आला. या वेळी घेणारा हैदराबादचा, हवे होते ४५ नंबरचे नक्षीचे रंधे, आणि पेटी नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या सुताराची. काकांनी मला विचारलं आणि वाचले. नावं, गावं, नंबर बदलतील. क्रम तोच राहील: आधी अनोळखी गिऱ्हाईक नेमकी वस्तू आणि चढा भाव सांगतं, थोडे पैसे पाठवतं, आणि लगेच तीच वस्तू घेऊन दुसरा अनोळखी माणूस येतो.

शिक्क्याची एक खूण आहे. पंचातल्या इंग्रजी ‘आर’ अक्षराचा उजवा पाय खालून तुटका आहे आणि ‘एन’ किंचित डावीकडे कललेला आहे. दोन्ही रंध्यांवर अगदी तसाच. असा शिक्का तुमच्याकडच्या कुठल्याही हत्यारावर असेल, रंधा असो, गुण्या असो की पटाशी, तर ते पुढे विकू नका. जवळून फोटो काढा, कुणाकडून आणि कधी घेतलं ते लिहा आणि जवळच्या ठाण्यात तक्रार द्या. एकाच पंचाच्या चार-पाच तक्रारी आल्या तर तपासाला धागा मिळेल.